माशाचा पहिल्या हाताचा भाव लिहून कुणी द्यायचा? युरोपातल्या नियमाबद्दल विचारायचंय

धरणकाठ (माजलगाव)

रामराम मंडळी. मी बीड जिल्ह्यातला. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाच्या काठी आमची मच्छीमार सोसायटी आहे, तिचा मी सचिव. बी. कॉम. झालोय म्हणून वही माझ्याकडं. प्रश्नाआधी गेल्या आठवड्यातलं सांगतो, म्हणजे कामून विचारायलोय ते कळंल.

मंगळवारी पहाटे आमच्या नऊ तराफ्यांनी मिळून ३ क्विंटल १२ किलो माल काढला. कटला जास्त, रोहू बरा, मृगळ थोडा, आणि चार चांगल्या जाड वाम. साडेसहाला व्यापाऱ्याचा पिकअप बांधावर आला. काटा त्याचा, बर्फ त्याचा, क्रेट त्याचे. भाव विचारला तर म्हणाला, "माल नांदेडला उतरू द्या, मग सांगतो." गुरुवारी संध्याकाळी फोन आला. कटला ९५, रोहू ८५. वामीचा वेगळा भाव नाहीच, ती "मिक्समध्ये गेली". वर शेकडा ५ किलो पाण्याची घट, म्हणजे १५ किलोच्या वर मासा हिशोबातून गेला. पैसे शनिवारी, उचल कापून.

त्याच गुरुवारी माझी आई शेजारच्या गावच्या बाजारात पाटी घेऊन बसली होती. आपल्याच धरणातला कटला तिनं १८० नं विकला. वामीसाठी दोन माणसं घरापर्यंत विचारत आली. मी ९५ आणि १८० हे दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहिले आणि मग बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो.

व्यापारी लबाड आहे असं मी लिहीत नाही. तो लबाड आहे की नाही हे मला कळायला मार्गच नाही, हे माझं दुखणं आहे. मोंढ्यात सोयाबीन घातलं तर काट्यावरून हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं तिच्यावर. दुसऱ्या दिवशी लातूरचा, परभणीचा भाव पेपरात येतो. माशाची पट्टी मी आजवर बघितली नाही. महिन्याच्या बैठकीत म्हातारी माणसं विचारतात, "सचिव, भाव बरोबर लागला का रं?" आणि मी गप बसतो.

आता प्रश्न. माझा मावसभाऊ संभाजीनगरला वकिलीचं शिकतो. तो म्हणतो, युरोपीय संघात सदस्य देशांना माशांचे बाजारभाव कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे खरं आहे का? खरं असलं तर तो भाव पहिल्यांदा लिहितो कोण, धनी का व्यापारी का सरकारी माणूस? नाही कळवला तर काय होतं? आणि हे सगळं समुद्राच्या माशालाच आहे का आमच्यासारख्या गोड्या पाण्यालाही? कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा. मला हे बैठकीत वाचून दाखवायचंय.

---

औशाची लेक

दादा, नमस्कार. मी औशाची. सध्या स्पेनमध्ये विगोला मासळीच्या एका कंपनीत हिशोब बघते. तुम्ही ज्याला पट्टी म्हणताय तसले कागद माझ्या डोळ्यांखालून रोज जातात, म्हणून लिहायचं धाडस करते.

तुमचा भाऊ बरोबर सांगतोय. पण "देश भाव कळवतात" असं ऐकलं की मंत्रालयातला कुणी अधिकारी बाजारात फिरून भाव लिहितो असं वाटतं. तसं नाही. लिहायचं ओझं आहे पहिल्या खरेदीदारावर, किंवा लिलाव करणाऱ्या बाजारावर. २००९ च्या १२२४ क्रमांकाच्या नियमानं सांगितलं की बोटीवरून उतरलेला मासा पहिल्यांदा विकला जाईल तो नोंदणी झालेल्या लिलावघरात किंवा नोंदणीकृत खरेदीदाराला. ज्याची पहिल्या विक्रीची वर्षाची उलाढाल २ लाख युरोच्या आत, त्यानं ४८ तासांत विक्रीची नोंद सरकारकडं द्यायची. त्याच्यावर असेल तर २४ तासांत, आणि ती संगणकावरूनच. २०२३ मध्ये हा नियम दुरुस्त करून सगळंच डिजिटल करण्याकडं नेलंय. घरी खायला थोडा मासा घेतला तर त्याला ही नोंद लागत नाही.

त्या नोंदीत काय असतं तर बोटीचं नाव आणि नंबर, मासा कुठं आणि कधी उतरला, विकणारा, घेणारा, प्रत्येक जातीचं वजन किलोत, आणि कर सोडून भाव. जात लिहायला तीन अक्षरी ठरलेला संकेत आहे, जगभर एकच. म्हणजे तुमची वाम इथं असती तर तिला स्वतःची ओळ मिळाली असती. "मिक्स" म्हणून ती गडप झाली नसती. तुमचं ते वाक्य वाचून मी थांबलेच होते.

इथल्या लिलावाचं थोडं सांगते, मला फार आवडतं. लिलावघराला लोन्खा म्हणतात. भाव वरून खाली उतरत येतो आणि ज्यानं आधी थांबवला त्याचा माल. मासा अजून तिथंच बर्फात आहे आणि भाव ठरून लिहिलाही गेलेला असतो. माल आधी, भाव मागाहून, असं होत नाही.

हे खालून वर कसं जातं, तर पट्ट्या राज्याच्या, म्हणजे त्या सदस्य देशाच्या यंत्रणेत जमतात आणि देशाला त्या पुढं द्याव्या लागतात. २००६ च्या १९२१ क्रमांकाच्या नियमानं बंदरावर उतरलेल्या माशाचं वजन आणि भाव, दोन्हींची वार्षिक आकडेवारी देशांवर बंधनकारक केली. २०१३ च्या १३७९ क्रमांकाच्या बाजार-नियमात बाजाराची माहिती गोळा करून ती सगळ्यांना देण्याचं काम युरोपीय आयोगावर, म्हणजे संघाचा कारभार बघणाऱ्या यंत्रणेवर टाकलं आणि देशांनी त्याला हातभार लावायचा असं ठरलं. त्यातून जी बाजार वेधशाळा उभी आहे, तिला युमोफा म्हणतात. तिच्या संकेतस्थळावर कुणीही जाऊन पहिल्या विक्रीचा भाव बघू शकतो. पैसे लागत नाहीत. बंदरावरचा भाव ग्राहकाच्या ताटापर्यंत जाताना कुठं किती वाढतो, असे अभ्यासही तिथं आहेत. तुमच्या वहीतले ९५ आणि १८० म्हणजे त्यांच्या भाषेत हेच.

नाही कळवलं तर? युरोपीय संघाचा नियम सदस्य देशाला थेट लागू होतो. कुठल्या देशानं पाळला नाही तर आयोग आधी नोटीस देतो, पुढं लक्झेंबर्गच्या न्यायालयात खेचू शकतो.

गोड्या पाण्याचा तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. २४-४८ तासांची पट्टी बोटीच्या मासेमारीला आहे. तळ्यात पाळलेल्या माशाला २००८ च्या ७६२ क्रमांकाच्या नियमानं वर्षातून एकदा वजन आणि दर असे आकडे द्यायचे ठरले. धरणात बोटुकली, म्हणजे माशाची पिल्लं सोडायची आणि मग जाळ्यानं धरायची, हे आपलं काम त्या दोन्हींच्या मध्येच कुठंतरी बसतं.

---

धरणकाठ (माजलगाव)

ताई, लई उपकार झाले. दोनदा वाचलं. एक राहिलं. ह्या देशांना भाव कळवण्यात काय मिळतं? नुसत्या भीतीनं कुणी रोज लिहीत नसतं.

---

औशाची लेक

हाच प्रश्न मीही आमच्या जुन्या हिशोबनीसाला विचारला होता. मूळ १९७० मध्ये आहे. तेव्हा संघाचा माशांच्या बाजाराचा पहिला नियम आला. ठरावीक बंदरांतल्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी भावावरून दरवर्षी मार्गदर्शक भाव ठरायचा. बाजार एका पातळीखाली गेला की मच्छीमारांच्या संघटना माल बाजारातून काढून घ्यायच्या आणि त्यांना भरपाई मिळायची. देशानं भाव कळवला नाही तर ती सरासरी निघणार कशी? म्हणजे कळवण्याला पैसा जोडलेला होता. माल काढून घेण्याची पद्धत २०१३ नंतर मोडीत निघाली, पण तोपर्यंत लिहायची सवय पक्की झाली होती.

---

जुना मत्स्य-कर्मचारी (नांदेड)

सचिवसाहेब, मी या खात्यात एकतीस वर्षं काढली, आता घरी आहे. तुमचं पान वाचून झोप आली नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

आपल्याकडं घटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत आहे, नोंद २१. बाजार आणि जत्राही राज्यांकडंच, नोंद २८. म्हणजे आपली राज्यं या बाबतीत त्यांच्या सदस्य देशांसारखीच मोकळी. फरक एवढाच की तिथं वरून बांधून घेणारा नियम आहे. शेतमालाचे भाव २००० सालापासून अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर रोज येतात. हैदराबादचं राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळही निवडक बाजारांतले माशांचे भाव संकेतस्थळावर देतं. ते बघत चला, उपयोगाचे आहेत. पण तो मोठ्या शहरातल्या ठोक बाजाराचा भाव. तुमच्या बांधावर पहाटे साडेसहाला काय झालं ते त्यात कसं येणार?

एक आठवण सांगतो. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. धरणं तळाला गेली आणि उरलेल्या डबक्यांतून सगळ्यांनी एकदम मासा काढला, नाहीतर तो मरणारच होता. मातीमोल गेला. पुढं मदतीचा विषय निघाला तेव्हा मच्छीमार माझ्याकडं आले, म्हणाले, "साहेब, आमचं किती नुकसान झालं ते लिहून द्या." मी काय लिहू? माझ्या तालुक्यातून मी जे कागद वर पाठवायचो त्यात किलो होते, भाव नव्हता. आदल्या वर्षी काय दरानं विकलं हे कुणाच्याच वहीत नव्हतं. तेव्हा मला कळलं की रकाना नसला म्हणजे नुकसानही नसतं. मी तो रकाना स्वतःहून वाढवायला पाहिजे होता. ते माझ्याकडून झालं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय. मग मोंढ्यातल्या पट्टीसारखी पट्टी माशालाही द्या, ही मागणी तुम्ही लेखी करू शकता. सोबत तुमच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडा.

---

बर्फ आणि काटा (परभणी)

मी व्यापारी आहे. ह्यांचा माल घेणारा मी नाही, तरी दुसरी बाजू लिहितो. राग धरू नका.

पहाटे भाव का सांगत नाही? कारण मलाच माहीत नसतो. सकाळी नांदेडला आंध्राच्या किती गाड्या लागल्यात त्यावर सगळं अवलंबून. तिकडचा तळ्यातला रोहू-कटला थर्माकोलच्या पेट्यांत एकसारख्या मापाचा येतो, गिऱ्हाइकाला तो बरा दिसतो. चार गाड्या जास्त आल्या तर माझा माल दुपारपर्यंत पडून. बर्फ मी भरतो, डिझेल मी भरतो, उचल म्हणून दिलेले पैसे माझे अडकलेले. मला बांधावरच भाव लिहून मागाल तर मी ५ रुपये कमीच लिहीन, कारण जोखीम माझ्या डोक्यावर आली.

आणि भाव एक नसतोच. किलोच्या आतला कटला वेगळा, दोन किलोच्या वरचा वेगळा. "कटला ९५" एवढंच लिहिलं तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

घटीचं मात्र तुमचं खरं. पाणी निथळून तोललं तर ५ किलो जात नाही. आणि वामीला भाव न देणं मला पटलं नाही.

---

धरणकाठ (माजलगाव)

काका, तुमचं ते "रकाना नसला म्हणजे नुकसानही नसतं" मी काल बैठकीत वाचून दाखवलं. कुणी बोललं नाही थोडा वेळ. २०१६ ला आमच्यातल्या तिघांनी जाळी विकली होती आणि ऊसतोडीला गेले होते, ते समोरच बसले होते.

परभणीच्या दादांचं म्हणणंही वाचलं. आधी मला राग आला, मग वाटलं बरोबर आहे. माझाही हट्ट बांधावरच भाव मिळावा असा नाही. पट्टी मिळावी एवढाच आहे. म्हणून असं ठरवलंय. पन्नास पानांची कार्बनची पट्टी-बुकं छापायची, खर्च सोसायटीचा. बांधावर लिहायचं ते तारीख, वेळ, तराफ्याचा नंबर, जात, आणि जातीत दोन मापं, किलोच्या आत आणि वर. वजन निथळून. खाली व्यापाऱ्याची सही. भावाची जागा मोकळी, पण शेजारी छापलेलं, "४८ तासांत भरावयाचा". भाव फोनवर आला की तो मी बाजाराच्या नावासकट लिहिणार आणि व्यापारी पुढच्या खेपेला सही करणार. ४८ हा आकडा ताईंच्या उत्तरातून उचललाय, तो सगळ्यांना पटला.

वाम, मरळ आणि झिंगा यांना वेगळ्या ओळी. हे आईनं सांगितलं. ती म्हणाली, पाटीवरचा भावही लिही, बाया पण मासा विकतात. तो मागच्या पानावर लिहिणार, दर बाजाराला.

आमच्या व्यापाऱ्याशी रविवारी बोललो. सही करायला तो लगेच तयार झाला नाही. म्हणाला, शेजारच्या सोसायट्याही करणार असतील तर बघू. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सचिवांना फोन झालेत, एक हो म्हणालाय.

ताई, तिकडच्या पट्टीचा कोरा नमुना मिळंल का? काही राहून गेलं असंल तर छापायच्या आधी कळंल.

---

औशाची लेक

कोरा नमुना उद्या इथंच टाकते, रकान्यांची नावं मराठीत करून. एक गोष्ट मात्र तुमच्या यादीत नाही. काटा कुणाचा? इथं वजन मान्यता मिळालेल्या काट्यावरच करावं लागतं, २००९ च्याच नियमात तसं कलम आहे. वजन घेणाऱ्याच्या काट्यावर होत राहिलं तर पट्टी कितीही चांगली छापा, पहिला आकडा त्याचाच राहील.

---

बर्फ आणि काटा (परभणी)

सोसायटीचा काटा असेल तर मला तरी चालेल. दोन क्विंटलचा इलेक्ट्रॉनिक घ्या, खाली स्टीलची जाळी बसवा म्हणजे पाणी आपोआप निथळतं. वजनमापवाल्यांचा शिक्का मारून घ्या आणि शिक्क्याची तारीख काट्यावरच मोठ्या अक्षरात लावा. आमच्याकडं भांडणं तिथंच लागतात.

---

धरणकाठ (माजलगाव)

काट्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोसायटीत ११ हजार शिल्लक आहेत. उद्या माजलगावला जाऊन किंमत विचारून येतो, छपाई तोवर थांबवतो.