अनुभव धागा : आपला माणूस खुर्चीत बसला, पुढे काय झालं?

२०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आमच्या मालवण तालुक्यातलं वराड गाव रातोरात सगळ्यांना ठाऊक झालं. वडील वराडचे, आई आयरिश. माझी आत्ये तिथून जवळच राहते. येईल त्या पाहुण्याला ती सांगायची, "आमच्या वराडचो झील थंय पंतप्रधान झालो!" २०१९ च्या शेवटी ते घरच्यांना घेऊन गावी आले, तेव्हा तर तिचा आनंद गगनात मावेना.

त्याच काळात माझा मामेभाऊ डब्लिनजवळ नर्स होता. एका संध्याकाळी बसथांब्यावर चार पोरांनी त्याच्या पाठीवर अंडी फोडली आणि "तुझ्या देशात चालता हो" म्हणून ओरडत पळाली. त्याने रात्री मला फोन केला. आत्येला सांगू नकोस म्हणाला, तिचा आनंद जाईल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या भारतीय दूतावासाने आपल्या लोकांना सावध राहण्याची सूचना काढली, तेव्हा मला तो फोन आठवला.

ओबामा निवडून आले तेव्हाही अमेरिकेतला वर्णभेद संपला असं बरेच जण म्हणत होते. तुम्ही काय पाहिलंत? परदेशातलं सांगा, आपल्या वाडीतलं सांगा. मत नंतर, आधी अनुभव.

जयगड, बोटीवर नोकरी

४ नोव्हेंबर २००८ ला आमची बोट बाल्टिमोरला धक्क्याला लागलेली होती. रात्रपाळीला माल चढवणारे बहुतेक कामगार काळे. ओबामांचा निकाल आला तेव्हा साठीचा एक कामगार गँगवेपाशी, बोटीवर चढायच्या शिडीजवळ, उभा होता. त्याने हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि उघड्या तळव्यांनी तोंड पुसत राहिला. नंतर मला म्हणाला, त्याची आई अलाबामातली. १९६५ चा मतदान हक्काचा कायदा झाला तेव्हा कुठे तिचं नाव यादीत लागलं. ती हे बघायला उरली नाही. मी त्याला आमच्या मेसमधला चहा आणून दिला. दुसरं काय करणार?

२०१५ च्या जुलैत आम्ही चार्ल्सटनला होतो. महिनाभरापूर्वीच तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. ओबामांची दुसरी कारकीर्द चालू होती. खलाशांना बाजारात नेणाऱ्या व्हॅनचा चालक काळा होता. त्याने चर्चसमोर गाडी हळू केली. फुलांचा ढीग पार पायऱ्यांपर्यंत आलेला. मग तो मुलाबद्दल बोलायला लागला. मुलाला नवीन लायसन्स मिळालं होतं. त्याला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, कागद काढायलासुद्धा विचारल्याशिवाय हात हलवायचा नाही. हे सांगताना त्याने स्वतःचे हात तसे धरून दाखवले. बाल्टिमोरचे ते उघडे तळवे आणि हे स्टिअरिंगवरचे हात, माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एकत्रच येतात.

जानेवारी २०१७ मध्ये निरोपाच्या भाषणात ओबामाच म्हणाले की वर्णभेदाच्या पलीकडे गेलेल्या अमेरिकेची ती कल्पना कधीच वास्तवाला धरून नव्हती.

सावंतवाडी, दहा वर्षं न्यू जर्सीत

बदल झालाच नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून लिहितेय. २० जानेवारी २००९ ला मुलाच्या शाळेत शपथविधी दाखवला. पालक म्हणून मी मागे बसले होते. त्याच्या वर्गात एकच काळी मुलगी होती, कायम खांदे पाडून बसणारी. त्या दिवशी ती खुर्चीच्या कडेला ताठ बसली होती, टाळ्या वाजवायचंही विसरली. तिच्यापुरतं त्या दिवशी काहीतरी मोठं घडलं, ते मी पाहिलंय. पण मतदानानंतरच्या पाहण्यांत गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनीच ओबामांना मत दिल्याचं दिसत होतं. एका निकालाने सगळा देश बदलला हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

म्हसळा तालुका, सध्या पनवेल

अंतुले साहेब आमच्या इकडचे, आंबेतचे. १९८० च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला त्यांच्याआधी मुसलमान मुख्यमंत्री नव्हता, नंतरही झालेला नाही. कुलाब्याचं रायगड त्यांनीच केलं, सिंधुदुर्ग जिल्हाही त्यांच्याच काळात झाला. संजय गांधी निराधार योजना तेव्हाचीच. कुणबीवाडीतल्या एका निराधार म्हातारीला तिचे पैसे सुरू झाले, तर ती माझ्या आब्बांना, म्हणजे वडिलांना, वाटेत थांबवून म्हणाली, "तुमच्या माणसानं माझी चूल पेटवली." आब्बा हे सांगताना आजही गहिवरतात.

२०१६ मध्ये मी पनवेलला भाड्याने जागा बघत होतो. एजंटने वन बीएचके दाखवला, खिडकीतून हवा छान येत होती, डिपॉझिटचा चेक माझ्या खिशात तयार. करारासाठी नाव विचारलं. मी सांगितलं. त्याच्या बोटात चाव्यांचा जुडगा फिरत होता, तो थांबला आणि मुकाट खिशात गेला. "मालकाशी बोलून कळवतो." असं पाच ठिकाणी झालं. सहाव्या ठिकाणी मी जिन्यातच आधी नाव सांगितलं, म्हणजे वर चढायचे कष्ट तरी वाचतील. आब्बांना मी जागा महाग आहेत एवढंच सांगितलं.

मंडणगड, निवृत्त शिक्षक

जात आणि वंश एक नाहीत, हे वर्गात मीही शिकवलं. २००१ च्या डर्बनमधल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारची भूमिकाही तीच होती. पण ज्याला बाहेर थांबवतात त्याला उंबऱ्यावर सारखाच अनुभव येतो.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. जवळच्या महाडचं उदाहरण मी मुलांना नेहमी द्यायचो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरी अस्पृश्यांपैकी कुणी तिथलं पाणी भरू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरून घेतली, तर नंतर लोकांवर लाठ्या चालल्या आणि तळं शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतलं गेलं. उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल यायला १९३७ उजाडलं. निवडणुकीच्या निकालाकडेही मी असंच बघतो. तळं खुलं झाल्याचा तो कागद आहे, आणि तो कागद हवाच. त्याच्या जोरावरच बाबासाहेब पायऱ्या उतरले.

दापोली तालुका, माजी सरपंच

मी बौद्धवाडीतली. राखीव जागेवर सरपंच झाले. पहिल्या मासिक सभेत चहा आला. सगळ्यांना कपबशी, मला कागदी कप. शिपायाने माझ्याकडे बघितलं नाही, मीही काही बोलले नाही. सभा नळपाणी योजनेची होती आणि मला वाडीची पाइपलाइन मंजूर करून घ्यायची होती. भांडण काढलं असतं तर विषय कपावर गेला असता आणि पाणी राहिलं असतं.

पाणी आलं. पाखाडी, म्हणजे वाडीची दगडी पायवाटही बांधून झाली, पावसाळ्यात आता पोरं घसरत नाहीत. खुर्ची नसती तर यातलं काही झालं नसतं, म्हणून खुर्चीला कुणी फुकाची म्हटलं की मला राग येतो.

दुसऱ्या वर्षी एका सभेत मी उघड विचारलं, माझा कप वेगळा का? कुणी उत्तर दिलं नाही. ग्रामसेवक भाऊंनी मान खाली घातली, पुढचा विषय घेतला. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनाच कागदी कप यायला लागले. कपाटातल्या कपबश्या तशाच राहिल्या. लोक म्हणाले, घ्या, झाला ना तुमचा प्रश्न मिटून.

मला कपबशी हवी होती.