विषय: अध्यक्षांच्या नावाने आलेली ती मेल

एक जुने सभासद:

नमस्कार मंडळी,

काल रात्री अध्यक्षांच्या नावाने मेल आली. "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीने गिफ्ट कार्डं घ्या आणि मागचे नंबर कळवा." आपले अध्यक्ष 'फोन करू नका' म्हणतील यावर माझा विश्वास बसेना, म्हणून वाचलो. पण मागच्या सभेत वेबसाइटवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की आता मंडळाच्या नावाने खोटी मेल जाणार नाही. मग ही आली कुठून?

वेबसाइट समिती:

काका, सभेत सांगितलं ते खरं, पण अर्धं. नावावर टिचकी मारून पत्ता बघा. नाव अध्यक्षांचं, पण पत्ता फुकटात उघडलेल्या जीमेल खात्याचा, हो ना?

मेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२ चे. पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रावर दुसरं, तरी पोस्टमन ते पोचवणारच. त्यावर नंतर ठिगळं लावली गेली. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनची (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची) मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते याची जाहीर यादी. पण ते पाकीट तपासतं, तुम्हाला दिसणारा 'फ्रॉम', म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, नाही. डीकेआयएम म्हणजे सर्व्हरने केलेली डिजिटल सही. सही केलेल्या भागात वाटेत एखादा शब्द बदलला, तरी ती जुळत नाही. डीमार्क या दोघांची सांगड 'फ्रॉम'शी घालतो. दोन्हींपैकी निदान एक पास हवं आणि त्याचं डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळायला हवं. नाही जुळलं तर काय करायचं, हे डोमेनचा मालक सांगून ठेवतो: काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा परत पाठवा. आपण 'परत पाठवा' ठेवलंय. म्हणजे मंडळाचा पत्ता चोरून लिहिलेली मेल बहुतेक ठिकाणी दारातूनच परत जाते.

पण त्या भामट्याने पत्ता चोरलाच नाही. स्वतःचं रीतसर खातं उघडलं आणि नावाच्या जागी अध्यक्षांचं नाव टाकलं. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा, तिन्हींपुढे 'पास' दिसेल. मेल त्या डोमेनवरूनच आली, एवढंच 'पास' सांगतो. माणूस कसा आहे, ते नाही.

एक ताई:

विषय निघालाच आहे तर, मंडळाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना जाणाऱ्या आपल्या यादीवर, पाठवलेल्या माझ्या मेलींत माझ्या नावापुढे 'मंडळ यादीमार्फत' असं का येतं? आणि परवा एकीला खाजगी लिहिलेलं उत्तर सगळ्यांना गेलं. सगळ्यांनी वाचलंही!

वेबसाइट समिती:

ताई, पहिल्याचं मूळही डीमार्कमध्येच आहे. आपली यादी विषयापुढे मंडळाचं नाव लावते आणि खाली तळटीप जोडते, त्यामुळे तुमच्या मेलसेवेची सही मोडते. शिवाय मेल निघते यादीच्या सर्व्हरवरून, तेव्हा एसपीएफही तुमच्या पत्त्याशी जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने स्वतःच्या डोमेनसाठी 'परत पाठवा' लावलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्टची दाणादाण उडाली. याहूवाल्याने यादीवर काही लिहिलं रे लिहिलं, की इतरांच्या मेलसेवा ती मेल परत पाठवायच्या. यादीच्या सॉफ्टवेअरला वाटायचं, ज्यांच्याकडून मेल परत येते त्यांचेच पत्ते बंद पडलेत. झालं, निष्पाप सभासद यादीबाहेर! तेव्हापासून बऱ्याच याद्या 'फ्रॉम'मध्ये स्वतःचाच पत्ता घालतात. आपलीही. एआरसी, म्हणजे मेल यादीकडे आली तेव्हा तपासणीत पास होती अशी यादीच्या सर्व्हरने सही करून दिलेली नोंद, हा दुसरा उपाय २०१९ साली आला, पण तो मानायचा की नाही हे मेल घेणाऱ्याच्या मर्जीवर.

उत्तर सगळ्यांना जाणं मात्र डीमार्कच्या माथी मारता येणार नाही. ती 'रिप्लाय-टू'ची (उत्तर कुठल्या पत्त्यावर जावं याची) सेटिंग आम्हीच तशी ठेवली होती. आज बदलतो. क्षमस्व.

जुने सभासद:

पत्ता पाहिला. जीमेलचाच, आणि आडनावात एक अक्षरही जास्त आहे. खात्री करावी म्हणून अध्यक्षांना फोन लावला. उचलून म्हणाले, "काका, मीटिंगमध्ये आहे."