घोडा, चाप, खटका आणि 'फुसका': जुन्या बंदुकीच्या बिघाडाचे शब्द

वडिलांची जुनी दुनळी छर्ऱ्यांची बंदूक आहे, बारा बोअरची, रीतसर परवान्यावर. डावी नळी कधी उडते, कधी नाही. कारागिराला फोनवर सांगितलं, "घोडा नीट काम करत नाही." त्याने घोडा चढतो-पडतो ते तपासायला सांगितलं आणि मी चाप तपासत बसलो, कारण आमच्या घरात बोटाने ओढायच्या भागालाच घोडा म्हणतात. वर्तमानपत्रात कधी 'चाप ओढला' असतं, कधी 'घोडा दाबला', कधी 'खटका दाबला'. हे तिन्ही एकच का? आणि बार उडाला नाही तर 'फुसका' म्हणायचं की आणखी काही?

प्रतिसाद:
तिन्ही एक नाहीत, आणि दुरुस्तीच्या वेळी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. घोडा म्हणजे कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोराने पुढे पडून ठोका देणारा भाग. जुन्या बंदुकांना तो बाहेर, नळीच्या मागे, मान वाकवून उभा असे. नाव त्यावरूनच पडलं असावं असं मला वाटतं. चाप बोटाखाली. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि तो तुकडा वाकडा असतोच. 'घोडा दाबला' हे बोलण्यात रुळलंय, पण बंदुकीबाबत मी ते चूकच मानतो. घोडा चढवतात आणि तो पडतो, दाबतात किंवा ओढतात तो चाप.

खटका या शब्दाला ठरलेली जागा नाही. दाराचा खटका, दिव्याचा खटका, दोघांत उडालेला खटका. बंदुकीत तो मी सुरक्षेच्या कळीसाठी राखून ठेवीन.

प्रतिसाद:
यात 'बिनघोड्याची बंदूक' हा शब्दही दिशाभूल करतो. घोडे असतातच, फक्त आत झाकलेले. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अँसन आणि डीली या दोघांनी अशी रचना केली की नळ्या खाली मोडल्या, म्हणजे काडतूस भरायला बिजागरीवर झुकवून उघडल्या, की आतले घोडे आपोआप चढतात. म्हणून अशा बंदुकीत 'घोडा चढत नाही' हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. मोडताना जोर कमी लागतोय, चाप ओढल्यावर आत आवाजच नाही, यावरून ओळखावं लागतं.

घोडा चढवलेला धरून ठेवणारा एक अडसर असतो आणि घोड्यात त्याची खाच. चाप ओढला की अडसर खाचेतून सुटतो. खाचेची धार झिजली की एका नळीच्या धक्क्याने दुसरीही उडू शकते. लोक म्हणतात 'चाप हलका झालाय', पण दोष बहुतेकदा चापात नसतो, खाचेत असतो. ती घरी कानस घेऊन सुधारू नये. केसभर जास्त घासली तरी बंदूक नुसती आपटल्याने उडू शकते.

प्रतिसाद:
मला 'फुसका'बद्दल बोलायचंय, कारण हा शब्द धोकादायक आहे. बार भरला, बार काढला, लग्नाचा बार उडवला, इतका तो बार आपल्या भाषेत मुरलाय. न जमलेल्या सगळ्याला मग 'फुसका बार'. बंदुकीत त्या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार लपतात.

एक, ठोका पडला आणि काहीच झालं नाही. दुसरा, ठोक्यानंतर क्षणभर थांबून बार उडाला. पहिल्या क्षणी हे दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं, मगच बंदूक मोडायची. तिसरा सगळ्यांत वाईट: आवाज दबका, खांद्याला धक्का नावालाच. अशा वेळी वॅड, म्हणजे काडतुसातल्या दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा, नळीतच अडकलेलं असू शकतं. त्यावर पुढचा बार काढला तर नळी फुटते. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायलाच हवं.

मी यांना मुका बार, रेंगाळलेला बार आणि दबका बार म्हणते. शब्द माझे आहेत, कुणाला चांगले सुचले तर जरूर सांगा. पण तिघांना एकच नाव नको.

प्रतिसाद:
'दबका' आवडला. ऐकूनच कळतं.

प्रतिसाद:
'छोटं काडतूस' हाही तसाच घोटाळा. (काडतूस पोर्तुगीज 'कार्तूश'वरून आलंय.) छोटं म्हणजे लांबीला की जाडीला? जुन्या बंदुकांची काडतुसाची कोठी (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) अनेकदा 65 मिलिमीटरची असते आणि आजची काडतुसं सहसा 70 ची. ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते, म्हणून 70 चं न उडालेलं काडतूस आखूड कोठीत आरामात बसतं आणि माणूस फसतो. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो.

जाडीचं उलटं गणित आहे. नळीत बसणारे बारा शिशाचे गोळे मिळून एक पौंड भरले की ती बारा बोअर, आतून साधारण 18.5 मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत आत सरकून पुढे अडकतं, मागून बारा बोअरचंही बसतं, आणि ते उडवलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच.

प्रतिसाद:
बंदूक 'ढिली' झाली म्हणताना काय ढिलं ते सांगा. पुढची लाकडी मूठ काढून, रिकामी बंदूक मिटून हलवली आणि नळ्या डुलल्या, तर बिजागरीकडची झीज आहे. तिथे पत्र्याची चकती घालून तात्पुरतं भागतं, दुरुस्ती होत नाही. तसंच पोचा आणि फुगा एक नाही. आत गेलेला पोचा जाणता कारागीर उठवतो. बाहेर आलेल्या फुग्याजागी धातू ताणून पातळ झालेला असतो, त्या नळीतून बार काढूच नये.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज कारागिराला पुन्हा फोन केला. म्हटलं, "उजवीत सगळी काडतुसं उडतात, डावीत त्याच डब्यातली काही मुकी राहतात. घोडा पडल्याचा आवाज येतो, पण मुक्या काडतुसाच्या टोपीवरची (बुडाशी ठोका बसतो त्या भागावरची) खूण उथळ आहे." त्याने लगेच विचारलं, आतलं वंगण कधी काढलं होतं? वडील दरवर्षी वरून तेल सोडत, आतून कधीच साफ केलेलं नाही. जुनं तेल गोंदासारखं घट्ट होऊन घोड्याचा वेग मारतं, म्हणाला. आधी ते धुऊन बघायचं, तरीही खूण उथळ राहिली तर टोपीवर आदळणाऱ्या पिनेचं टोक, आणि शेवटी कमान. सोमवारी बंदूक त्याच्याकडे नेतोय.