पाहुणे भरीत खाऊन गेले! खान्देशात परदेशी कारखाना येणार तरी कसा?

गिरणाकाठचा (जळगाव)

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. एमआयडीसीत माझं पाइप-फिटिंगचं छोटं युनिट आहे, बावीस माणसं. गेल्या हिवाळ्यात एका जर्मन कंपनीचे दोघे आले होते. आधी इथल्या कोणाकडून तरी माल बनवून घ्यायचा, जमलं तर पुढे स्वतःचा कारखाना टाकायचा, असा त्यांचा बेत. आम्ही चौघांनी मिळून जय्यत तयारी केली. पडद्यावर अजिंठा, बहिणाबाई, केळीच्या बागा, सराफ बाजार, काही सोडलं नाही. दुपारी मळ्यात भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. एकाने तर तीनदा मागून घेतलं.

संध्याकाळी चहाला त्याच माणसाने वही काढली. गेल्या बारा महिन्यांत वीज किती वेळा गेली आणि दर वेळी किती मिनिटं? सांडपाणी जातं कुठे? सील केलेला कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या गेटात शिरायला किती तास लागतात, आणि तेही चांगल्या दिवशी नको, सगळ्यात वाईट दिवशी किती ते सांगा.

पहिल्या प्रश्नाला आमच्यातला एक जण म्हणाला, "जाते अधूनमधून." त्याने ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं.

प्लास्टिकवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. दहा मिनिटं वीज गेली तर दहाच मिनिटांचं नुकसान होत नाही. मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये थांबलेला पीव्हीसी करपतो. मशीन उघडा, खरवडा, परत तापवा, पहिला माल भंगारात टाका. अर्धी पाळी गेली. हे आम्हाला पक्कं ठाऊक असून एकाकडेही त्याची नोंद नव्हती.

२०२४-२५ मध्ये देशात जे परकीय भांडवल आलं त्यातलं ३९ टक्के एकट्या महाराष्ट्राच्या नावावर आहे. त्यातलं तापीच्या खोऱ्यात किती आलं, हे डोळ्यांनी दिसतंच आहे. आपण सवलती मागतो, विमान मागतो, आणि साधा हिशोब ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच की दोष आधी आपल्याकडे आहे. बोला.

नर्डाणा फाटा

भाऊ, तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण निदान चुकलं. वहीने कारखाने येत नसतात. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या मूळ आराखड्यात धुळे-नर्डाणा हा गुंतवणूक विभाग होता. प्रत्यक्षात उभं काय राहिलं? शेंद्रा-बिडकीन. तिथे रस्ते, जमिनीखालची गटारं, पाणी, वीज आधी झाली, मग कोरियाची ह्योसंग आली आणि २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी करार केला. संभाजीनगरच्या उद्योजकांच्या वह्या आपल्यापेक्षा सुवाच्य होत्या म्हणून हे झालं का?

मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग गुजरातेतून गेला. मनमाड-इंदूर रेल्वेला मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. आमच्या आजोबांनी या रेल्वेसाठी निवेदनं दिली, वडिलांनी दिली, आता मी रूळ पडायची वाट बघतोय. ती गाडी नर्डाण्यात सुरत-भुसावळ मार्गाला मिळाली की एका बाजूला इंदूर, दुसऱ्या बाजूला सुरत, तिसरीकडे मनमाडवरून मुंबई. मग बोलवा जर्मनांना. तोवर भरीत आपणच खाऊ.

अमळनेरकर आप्पा

दोघंही एकाच चुकीच्या गाडीत बसलात. परदेशीच कशाला हवा?

१९४५ साली आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली. शेंगदाण्याच्या तेलाचं वनस्पती तूप. तीच आजची विप्रो. ज्यांनी तेव्हा चार शेअर घेऊन ट्रंकेत टाकले, त्यांची नातवंडं आज कोट्यधीश आहेत. शेतकरी, मास्तर, किराणा दुकानदार, अशी साधी माणसं होती ती. लग्नात शेअर दिलेले मी पाहिले आहेत. परदेशी कंपनी येईल तेव्हा तुम्हाला पगार देईल, बरोबर. पण नफ्यात वाटा देणार आहे का? तो जाईल तिकडे.

आणि करारांचे आकडे तर ऐकूच नका. २०१८ च्या मॅग्नेटिक महाराष्ट्र गुंतवणूक परिषदेत १२ लाख १० हजार कोटी. जानेवारी २०२५ ला दावोसमध्ये १५ लाख ७० हजार कोटी. करार म्हणजे साखरपुडा, बरं का. आपल्याकडे मोडलेले साखरपुडे काय कमी आहेत?

चाकणला असते

आप्पा, राग मानू नका, पण ट्रंकेतल्या शेअरची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी माझ्या मनात एकच येतं: आमच्या घरात ट्रंक होती, शेअर नव्हते. एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव, चार एकर कोरडवाहू कपाशी. १९४५ ला ज्यांच्या हातात शंभर रुपये शिल्लक होते त्यांचं भलं झालं, आनंद आहे. बाकीच्यांचं काय?

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत क्वालिटीला आहे, आठ वर्षं झाली. डिप्लोमा करून आले तेव्हा मायक्रोमीटर फक्त परीक्षेपुरता हातात धरलेला. इथे सहा महिने बसवून शिकवलं. पगार एक तारखेला, पीएफ, बस, कँटीन. माझ्या लाइनवर नऊ जण खान्देशातले आहेत. सुट्टीच्या दिवशी आम्ही शेव-भाजी करतो नि गावची भांडणं फोनवर सोडवतो. नफा तिकडे जातो म्हणता ना? आमची माणसंही तिकडेच गेली, सुरतेला, पुण्याला. ती परत आणायला कोण तयार आहे, सांगा. मालकाचा पासपोर्ट कुठला याने मला फरक पडत नाही.

पांझरा

आठे कोन इचारस भो! असं म्हणायची पाळी आहे खरी, पण ताई, फरक पडतो. सगळी गुंतवणूक चाकणसारखी नसते. साक्रीकडे येऊन बघा. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तो महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीज कंपनीचा, पण पैसा बराचसा जर्मन सरकारी बँकेच्या कर्जाचा. म्हणजे जर्मन पैसा आमच्याकडे जळगावच्या आधी पोचला! हजारो पाती फिरतात. माणसं किती लागली? पहारा, पॅनल धुणं, गवत कापणं. तिथली वीज तारेवरून निघून जाते आणि पायथ्याच्या पाड्यात रात्री पंप चालवायला आठवड्याचं वेळापत्रक बघावं लागतं. आकडा मोठा असला की काम मोठं असतंच असं नाही. एक कोटीमागे किती हात, हे आधी विचारा.

नर्डाणा फाटा

@पांझरा, हा मुद्दा मान्य. पण वीज इथे तयार होते म्हणूनच ती खाणारे कारखाने इथे बसवा ना. ते परत सरकारनेच ठरवायचं.

केळीवाला (रावेर)

कारखाना, कारखाना, कारखाना. आमच्या बागेत या.

आधी एक गोष्ट. चहा-कॉफीसारखे मोजके मळे सोडले तर परदेशी कंपनीला उघड्या रानात शेती करायला आपल्या नियमांत परवानगी नाही. पॉलिहाऊससारख्या नियंत्रित वातावरणातली फुलं-भाजी, बियाणं, अशी ठरावीक सूट आहे. अन्नप्रक्रियेला मात्र शंभर टक्के मोकळीक. म्हणजे "ते येऊन आमच्या जमिनी घेतील" ही पारावरची भीती बाजूला ठेवा. केळी आपणच लावायची, पुढचं काम त्यांनी करायचं.

आता पुढचं काम काय ते सांगतो. गेल्या वर्षी आखातातल्या एका खरेदीदाराचा माणूस कटाईला बागेत आला. हातात कॅलिपर. फणीतल्या मधल्या केळ्याची जाडी मोजली, लांबी मोजली, सालीवर डाग दिसला की फणी बाजूला. आमचे मजूर घड खांद्यावरून आणून जमिनीवर टेकवत होते, तिथेच निम्मा माल बाद झाला. जमिनीला लागलं की चोवीस तासांत काळं पडतं. चीक धुवायला पाण्याची टाकी हवी, तुरटी हवी, फण्यांमध्ये फोम हवा, तेरा किलोचा खोका हवा आणि दुपारच्या आत तेरा अंशांच्या कंटेनरमध्ये माल जायला हवा. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस! मी झाडाखाली ताडपत्री टाकून हे सगळं करत होतो.

उरलेला माल नेहमीच्या गाडीत गेला. नवती (नवी बाग), पिलबाग (पिलांवरचं पुढचं पीक), वापसी (बाद माल), बऱ्हाणपूरचा भाव एक आणि हातात पडणारा दुसरा, ते रडगाणं आपल्याला पाठ आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि निर्यातीत पुढे कोण? सोलापूरवाले. करमाळ्याकडे पॅकहाऊस उभी राहिली, आम्ही मानांकनाचं प्रमाणपत्र फ्रेम केलं.

मला जर्मन नको, जपानी नको. दर दहा-पंधरा गावांत एक पॅकहाऊस आणि प्रीकूलिंग (माल भरण्याआधी थंड करायची सोय) टाकणारा कोणीही चालेल.

अमळनेरकर आप्पा

मग ते पॅकहाऊस शेतकऱ्यांनी मिळून का टाकू नये? जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलच्या नानदानमध्ये २००७ मध्ये निम्मा हिस्सा घेतला होता, पुढे अख्खी कंपनी घेतली. आपली माणसं बाहेर जाऊन विकत घेऊ शकतात, हे विसरू नका.

गिरणाकाठचा (जळगाव)

आप्पा, पुढचंही सांगा ना. कर्ज डोईजड झालं आणि २०२३ मध्ये त्यांचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीत विलीन झाला, जिच्या मागे सिंगापूरची सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेक आहे. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळी या माणसांनी आपल्याला दिली. पण मोठं काम करायचं तर बाहेरचा पैसा कधीतरी लागतोच, कर्ज म्हणून घ्या नाहीतर भागीदार म्हणून. भागीदार बुडाला तर आपल्यासोबत बुडतो. कर्जवाला काठावर उभा राहून हप्ता मागतो.

@नर्डाणा फाटा, रेल्वे हवीच. पण रेल्वे यायला वर्षं आहेत आणि माझ्याकडे पाहुणे गेल्या हिवाळ्यात आले होते. त्यांना रेल्वेबद्दल विचारायचंच नव्हतं, ट्रकचे तास विचारायचे होते. तेही आम्हाला सांगता आले नाहीत. आम्ही त्यांना बहिणाबाई ऐकवली. पाहुण्याने मान डोलावली, समजलं काहीच नाही. चूक तिची नाही, आमची.

चाकणला असते

आमच्याकडे दर पाळीला बोर्डावर लिहितात: मशीन बंद, किती वाजता, का, किती मिनिटं. सुरुवातीला मला तो छळ वाटायचा. आता गावी गेले की आईच्या गॅस सिलेंडरवरही तारीख लिहून येते :)

दादा, वही खर्चाची नाही, पण एकट्याची वही कामाची नाही. एका फिडरवरच्या (एकाच वीजवाहिनीवरच्या) दहा युनिटांनी एकाच नमुन्यात लिहिलं तर तो कागद पाहुण्यालाही दाखवता येईल आणि वीजवाल्यांच्या टेबलावरही आपटता येईल.

नर्डाणा फाटा

आपटून काय होणार? आवक-जावकचा शिक्का मिळेल.

पांझरा

मिळू दे. आमच्याकडे तर तेवढाही नसतो.

केळीवाला (रावेर)

आणि त्या कागदात आकडे वाईट निघाले तर? पाहुणा दारातूनच परत जाईल.

गिरणाकाठचा (जळगाव)

तसाही गेलाच ना, केळीवाले. निदान कशामुळे गेला ते कळेल. त्याला शून्य नको होतं. किती मोठा जनरेटर बसवायचा, याचा हिशोब त्याला करायचा होता.

आमच्या ओळीतल्या सात जणांशी बोललो. चौघं तयार, दोघं म्हणाले बघू, एकाने विचारलं याचं अनुदान मिळतं का. सोमवारपासून सुरुवात केली आहे, साधी शंभर पानी वही, मशीनच्या बाजूला सुतळीने बांधली. आज दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी गेली, अकरा मिनिटं. ऑपरेटरने कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "माहीत नाही, फोन उचलत नाहीत."