आजीचं शिसवी कपाट आणि झाडं: एका हॉलमध्ये कसं जमवू?

पाऊलवाट: हॉलला खिडकी एकच, पश्चिमेची. आजीचं शिसवी कपाट आलंय, शिवाय वाकवलेल्या लाकडाच्या दोन वेती खुर्च्या. एकीची बैठक पार झोळी झालीये. भिंती हिरव्या, कपाटावर फर्न, त्यावरून लोंबणारा मनी प्लांट असं डोक्यात आहे. नवरा म्हणतो, "जुन्या सामानाचं गोदाम दिसेल." कपाटाला फिकट रंग मारला तर?

पानोपानी: चारही भिंती हिरव्या नकोत, खोली अंधारेल. एकाच भिंतीला पानांचा वॉलपेपर लावा. इंग्लिश डिझायनर विल्यम मॉरिसचं 'विलो बो' बघा. १८८७ चं डिझाइन, अजूनही मिळतं. नुसती लांबट पानं आणि फांद्या, त्यामुळे गडद लाकडासमोर गर्दी वाटत नाही.

रंधा: शिसवीला रंग? हात जोडतो, नको. त्या लाकडातल्या काळ्या-जांभळ्या रेषा हाच तुमच्या हॉलमधला सगळ्यात अस्सल निसर्ग. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पॉलिश ओळखा. कपाटाच्या मागच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, कापसाने थेंबभर स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. त्यावर ओली कुंडी ठेवली की पांढरं वर्तुळ उमटलंच. मातीची कुंडी तर अंगातून पाझरते, नुसती बशी पुरत नाही. म्हणून कपाटावरचा फर्न रद्द. तो शेजारी स्टँडवर ठेवा, पानं कपाटावर झुकू देत. दिसायलाही तेच बरं.

कपाट खिडकीसमोर नको, पश्चिमेच्या उन्हाने रंग उडतो. उन्हाची जागा झाडांना द्या. फर्नला मात्र थेट ऊन सोसत नाही, तो पडद्याआड.

खुर्चीचा वेत तुटला नसेल तर विणायला टाकू नका. खुर्ची उलटी करा, बैठकीला खालून कोमट पाण्याचं फडकं लावून वेत नीट भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आकसतो, बैठक ताणली जाते. पूर्ण वाळेपर्यंत कोणाला बसू देऊ नका (मांजरालासुद्धा). तुटला असेल तर मात्र विणकाम नवंच करावं लागेल.

पाऊलवाट: रंग रद्द! पण रंधादादा, कपाटाच्या पायाशी पिठासारखी भुकटी दिसते. झाडतेय, तरी परत पडते.

रंधा: मग बाकी सगळं थांबवा. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का बघा. जुनी भोकं मळकट असतात. आतून फिकट, ताजी दिसली आणि भुकटी पडतच राहिली, तर कीड जिवंत आहे. खाली काळा कागद अंथरून आठवडाभर बघा. तोवर वेती खुर्च्या दुसऱ्या खोलीत हलवा, काही किडे वेतही पोखरतात. कीड निघाली तर आधी औषध, पॉलिश नंतर.

पानोपानी: आणि वॉलपेपर त्याच्याही नंतर. कपाट हलवताना भिंतीला घासलं की संपलं.