मदत हवी आहे: वृद्धाश्रमात आत्याच्या दंडांवर काळेनिळे डाग

आत्या ८१ वर्षांची, स्मृतिभ्रंशामुळे काय झालं ते सांगू शकत नाही. पंधरा दिवसांत दोनदा तिच्या दोन्ही दंडांवर आतल्या बाजूने बोटांच्या ठशांसारखे डाग दिसले. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्याने डाग लवकर पडतात हे मान्य. पण दोन्ही दंडांवर सारखेच? तारखेसह फोटो काढलेत, वेळा बदलून भेटायला जातोय. व्यवस्थापक म्हणतात, "उचलताना झालं असेल." नोंदवहीत मात्र काहीच नाही. एक सेविका जवळ आली की आत्या अंग चोरते, ते बघवत नाही. लगेच दुसरीकडे हलवणं शक्य नाही. तक्रारीचा राग तिच्यावर निघू नये म्हणून आधी बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं का, आणि अहवालात नेमकं काय लिहून घ्यावं?