मदत हवी आहे : शुभेच्छापत्राच्या ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. बाबा दर दिवाळीला बेळगाव, निपाणी, चंदगडच्या पाहुण्यांना स्वतः पत्रं लिहायचे. आता हात थरथरतो. म्हणून यंदा त्यांच्या जुन्या सहीचा फोटो घालून प्रत्येकाच्या नावाचं शुभेच्छापत्र मोबाईलवर करतेय. पण ॲपमधला नक्षीदार फॉन्ट निवडला की ‘श्रीकृष्णमामा’मधला श्री फुटतो, श वेगळा, र वेगळा. साध्या फॉन्टमध्ये नीट येतं, पण तो अगदी कार्यालयीन वाटतो. मामांचं नावच चुकीचं गेलेलं बाबांना मुळीच चालणार नाही!

जोडाक्षरं नीट दाखवणारा सुंदर युनिकोड मराठी फॉन्ट आणि तो बाहेरून घालता येईल असं ॲप कुणी वापरलंय का? शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की सही पुसट होते. डॉक्युमेंट म्हणून स्पष्ट जाते, पण आत्याला ते उघडता येत नाही. काय करू?